घरचा संगणक : रेगा, रेगा!



ह्या अंकात प्रिंटरविषयी लिहीन असे मी मागच्या वेळेस कबूल केले होते. परंतु मधल्या काळात आमच्याच घरी एक प्रकार घडला, आणि तो ऐकून दोन-तीन ओळखीच्या घरांतून "आमच्याकडे पण अगदी हेच झालं" असे फोन आले. म्हणून प्रिंटर पुढच्या अंकी. आजचा विषय असा : नवीन जोडलेला महशेव चालूच होत नाही, तेव्हा काय करावे?

ह्या विषयाला निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे घरोघरी नवीन संगणकाची बोलणी चालू आहेत. नातवंडे म्हणतात, तयार घेऊ नका, सुटे भाग आणू आणि घरीच जोडू. जोडणे खरोखर कठीण नाही. प्रत्येक भागाची खाच वेगळी, चुकीच्या जागी तो सहसा बसतच नाही. कठीण असतो तो जोडल्यानंतरचा पहिला अर्धा तास. सगळे लावून झाले, घरातली मंडळी भोवती उभी आहेत, बटण दाबले, आणि समोर काळा पडदा!

त्या गुरुवारची गोष्ट

माझा नातू नुकताच त्सावातून सुटला. शिहरूरनंतर जे मानाक मिळते, त्यातून त्याने पहिली खरेदी केली ती संगणकाच्या भागांची. चार हजार शेकेलच्या वर खर्च झाला. पुढे शिकायचे आहे, त्यासाठी हवा होता. लेकीचे घर बेर शेवाला, आम्ही दिमोनाला. गुरुवारी दुपारी मी मुद्दाम बस धरून गेलो. मी मुंबईत परळच्या रेल्वे वर्कशॉपात शिकलेला, इथे येऊन कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून उभा जन्म काढला. नातवाच्या पहिल्या यंत्राला आजोबाचा हात लागावा, एवढीच इच्छा.

जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आम्ही कामाला लागलो. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० जातीचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ मेमरी पट्ट्या, एक एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि काचेची बाजू असलेले कॅबिनेट. नेगेवची थंडीतली हवा कोरडी, स्वेटर काढला तरी चटचट ठिणग्या उडतात. म्हणून दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवत होतो. हे तुम्ही पण करा. त्या ठिणगीने तुम्हाला नुसता चटका बसतो, पण चिपला ती मारू शकते.

रात्री दहाला सगळे जोडून झाले. नातवाने बटण दाबले. काही नाही. पंख्याचे एक पाते हलेना.

पंखासुद्धा हलत नाही तेव्हा

अशा वेळी आधी भिंतीपासून सुरुवात करावी. सॉकेटात वीज आहे का? तिथे दिवा लावून बघा. एक्स्टेंशन बोर्डाचे बटण चालू आहे का? मग पॉवर सप्लायच्या मागे छोटे बटण असते, त्यावर एक आडवी रेघ आणि एक गोल. गोल दाबलेला असेल तर बंद. आमचा गोलच दाबलेला होता. हसलो, सरळ केला. तरी पण काही नाही.

आता कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची वायर. ही दोन पदरी बारीक वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या खिळ्यांवर बसवायची असते. तिथे नऊ-दहा खिळे दाटीने असतात आणि त्यांवरची अक्षरे मुंगीएवढी. बटणाच्या वायरला उलटसुलट नसते, कशीही बसवली तरी चालते. दिव्यांच्या वायरला मात्र अधिक-उणे असते. चूक वायरीची आहे की बोर्डाची, हे ओळखायची सोपी युक्ती अशी : ती वायर काढून ठेवा आणि पुस्तिकेत पॉवर स्विच म्हणून दाखवलेले दोनच खिळे डिसमिसच्या टोकाने क्षणभर एकमेकांना टेकवा. कॅबिनेटचे बटणसुद्धा आतून एवढेच करते. दुसऱ्या खिळ्यांना हात लावू नका. आम्ही टेकवले आणि पंखे भर्रकन फिरले. म्हणजे बोर्ड जिवंत होता, वायर शेजारच्या रिसेटच्या खिळ्यांवर बसली होती.

नातवाने टाळ्या वाजवल्या. पण पडदा काळा तो काळाच.

चार दिवे, चार स्टेशने

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, ती नीट लक्षात ठेवा. पंखे फिरले म्हणजे संगणक चालू झाला, असे नाही. वीज आली, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर बोर्ड स्वतःची तपासणी करतो. आयबीएमचा १९८१ सालचा पहिला पीसीसुद्धा चालू होताना ही तपासणी करीत असे आणि सर्व ठीक असेल तर एकदा "पीप" असा आवाज देत असे. आता बहुतेक बोर्डांवर तो आवाज करणारा छोटा स्पीकर येत नाही. त्याऐवजी पुष्कळ बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट.

मुंबईकर वाचकांना मी असे सांगेन. गाडी कल्याणहून निघाली, ठाणे घेतले, दादर घेतले आणि व्ही.टी.ला पोहोचली. गाडी आली नाही तर आपण विचारतो, शेवटची कुठे दिसली? ठाण्याला दिसली असेल तर कल्याणला शोधण्यात अर्थ नाही. ह्या दिव्यांचेही तेच. तपासणी ज्या भागाची चालू असते त्याचा दिवा लागतो, झाली की विझतो. जो दिवा लागून राहिला, तिथे गाडी अडली. आधी दिवा बघा, मग हात घाला. दिव्यांचा क्रम आणि रंग बोर्डाप्रमाणे थोडे बदलतात, ते पुस्तिकेत दिलेले असते.

पहिले स्टेशन : प्रोसेसर

आमच्याकडे सीपीयूचा तांबडा दिवा लागून राहिला. नातवाचा चेहरा उतरला, कारण प्रोसेसर हा महागातला भाग. पण ह्या दिव्याचे सगळ्यात नेहमीचे कारण एकदम स्वस्त असते. मदरबोर्डला विजेच्या दोन वायरी लागतात. एक मोठी, २४ खिळ्यांची, ती सगळ्यांना दिसते. दुसरी आठ खिळ्यांची, खास प्रोसेसरसाठी, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. ती जागा अडचणीची, पंख्याच्या आणि पत्र्याच्या मधली, त्यामुळे वायर राहून जाते. आमची पण कॅबिनेटच्या पाठीमागे गुंडाळलेलीच राहिली होती. नातवाला वाटले, जास्तीची आहे.

इथे एक सावधगिरी. ग्राफिक्स कार्डाची वायरसुद्धा आठ खिळ्यांची असते. प्रोसेसरची वायर चार आणि चार अशी फुटते, कार्डाची सहा आणि दोन अशी. एकीच्या जागी दुसरी जात नाही. जात नसेल तर जोर करू नका. आणि पॉवर सप्लायच्या सुट्या वायरी दुसऱ्या पॉवर सप्लायला कधीही लावू नका. टोक सारखे दिसते, पण आतली मांडणी निराळी असू शकते, आणि मग जळते ते खरोखर जळते.

आठ खिळ्यांची वायर लावली. तांबडा दिवा विझला, शेजारचा पिवळा लागला. म्हणजे गाडी कल्याणहून सुटली.

दुसरे स्टेशन : मेमरी, आणि माझी चूक

आता जे झाले ते मला लिहायला जड जाते, पण त्यासाठीच हा लेख आहे.

मेमरीचा पिवळा दिवा लागून राहिला. अर्धा मिनिट गेला, पाऊण मिनिट गेला. पंखे जोरात, पडदा काळा. माझा जीव वरखाली होऊ लागला. वर्कशॉपात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेले, यंत्र वागते तसे वागले नाही की आधी वीज तोड, मग विचार कर. त्या सवयीने मी ओरडलो, "बंद कर! बंद कर आधी!" नातवाने बंद केला. पट्ट्या काढल्या, पुन्हा बसवल्या. पुन्हा चालू, पुन्हा पिवळा दिवा, पुन्हा मी, "बंद कर!" पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत होत्या, त्या दुसऱ्या आणि चौथ्यात नेल्या. पुन्हा तेच. एकच पट्टी लावून पाहिली. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवली. पुन्हा तेच. रात्री एक वाजेपर्यंत निदान दहा वेळा.

शेवटी तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सबा, निस्राफ. मीच जाळला." आणि उठून आपल्या खोलीत गेला. ज्या पैशांसाठी त्याने तीन वर्षे दिली, ते टेबलावर मेल्यासारखे पडले होते.

शुक्रवारी सकाळी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, बोर्ड नाही तर प्रोसेसर गेला असेल, बारा वाजेपर्यंत आणा, नंतर आम्ही बंद करतो. पण सॉकेटातले खिळे वाकलेले निघाले तर अहरायूत मिळणार नाही. नातवाने लगेच पंखा सोडवून प्रोसेसर काढायची तयारी केली, खिळे वाकले आहेत का ते बघायला.

मला रात्रभर झोप नव्हती. मी चष्म्यावर भिंग धरून बोर्डाची पुस्तिका वाचत बसलो होतो. पाठीमागच्या पानावर बारीक अक्षरांत दोन ओळी सापडल्या : पहिल्यांदा चालू करताना, अथवा मेमरी बदलल्यावर, बोर्ड मेमरी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटे लागू शकतात, त्या वेळात वीज तोडू नये.

इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, पाचही बोटांची टोके एकत्र करून हात वर धरला की काय म्हणायचे असते. मी तसा हात धरला आणि म्हणालो, "रेगा, रेगा! प्रोसेसरला हात लावू नकोस."

हे मेमरी जुळवणे म्हणजे काय? डीडीआर५ मेमरी फार वेगाने चालते. साधी ४८०० ची पट्टी घेतली तरी एकेका तारेवरून सेकंदाला ४८० कोटी वेळा माहिती जाते. इतक्या वेगात तारांच्या लांबीतला केसाएवढा फरकही मोजावा लागतो. गाण्याआधी तबलजी हातोडीने तबला लावतो ना, ठोकतो, ऐकतो, पुन्हा ठोकतो, तसे बोर्ड प्रत्येक तार तपासून लावून घेतो. एकदा जमले की ते तो लिहून ठेवतो, म्हणून दुसऱ्या वेळेपासून लवकर चालू होतो. २०२२ साली ही नवी रायझन मंडळी बाजारात आली, तेव्हापासून पहिल्या वेळेचा हा उशीर पुष्कळांनी अनुभवला आहे. मेमरी जितकी जास्त, तितका वेळ जास्त. जुन्या डीडीआर४ ला एवढा वेळ लागत नसे, म्हणून माझ्यासारखे जुने लोक फसतात.

म्हणजे बघा, तबलजी तबला लावायला बसला की दर पाऊण मिनिटाने मी त्याच्या हातातून हातोडी हिसकावून घेत होतो. पट्टी हलवली की काम पहिल्यापासून, बॅटरी काढली की पुन्हा पहिल्यापासून. नातवाने काही जाळले नव्हते. संगणक अडवून ठेवला होता तो माझ्या "बंद कर" ने.

आम्ही दोन्ही पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. बहुतेक चार खाचांच्या बोर्डांवर दोन पट्ट्यांची हीच जागा, प्रोसेसरपासून मोजायचे. पट्टी दाबताना "टक्" असा आवाज आला पाहिजे. काही बोर्डांवर खिटी एकाच बाजूला असते, तिथे दुसरी बाजू अर्धवट राहते, ती अंगठ्याने नीट दाबावी. मग चालू केला आणि मी मनगटावरचे घड्याळ टेबलावर ठेवले. ठरवले की पंधरा मिनिटे कोणीही बटणाला हात लावायचा नाही. लेक कॉफी घेऊन आली आणि उभी राहिली. दुसरे मिनिट, तिसरे मिनिट. चौथ्या मिनिटाला संगणक आपणहून बंद पडून पुन्हा सुरू झाला. नातवाचा हात बटणाकडे गेला, मी तो धरून ठेवला. हे पण नेहमीचे आहे, जुळवताना तो एखाद-दोन वेळा स्वतःच पुन्हा सुरू होतो. पाचवे मिनिट संपता संपता पिवळा दिवा विझला.

लेक एवढेच बोलली, "पप्पा, काल रात्री तुम्ही घाबरलात म्हणून तो घाबरला." खरे होते. मी मान खाली घातली.

तिसरे स्टेशन : चित्र

पांढरा व्हीजीएचा दिवा लागला आणि विझला. पण पडदा अजून काळाच! ह्या वेळेस मात्र कोणी घाबरले नाही. स्टेशन माहीत होते.

मॉनिटरची वायर नातवाने मदरबोर्डच्या भोकात लावली होती. वेगळे ग्राफिक्स कार्ड घातले असेल तर वायर त्या कार्डालाच लावायची, खालच्या आडव्या भोकांत. कार्ड घातल्यावर अनेक बोर्ड आपले स्वतःचे चित्र बंद ठेवतात. वायर बदलली आणि पडद्यावर बोर्ड बनवणाऱ्याचे चिन्ह आले.

ह्याच्या उलट प्रकारही होतो. वेगळे कार्ड न घेता काही जण वायर बोर्डाला लावतात, पण प्रोसेसरमध्येच चित्राची सोय नसते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे त्यांत ही सोय नाही. रायझन ७००० मध्ये बहुतेकांत साधी सोय आहे, पण ७५००एफ मध्ये नाही. खरेदीआधीच हे अक्षर बघून घ्या. शिवाय कार्डाला स्वतःची वीज लागत असेल तर ती वायर लावली आहे का, आणि मॉनिटर योग्य इनपुटावर आहे का, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका.

चौथे स्टेशन : बूट

शेवटी संदेश आला की चालू करण्याजोगी डिस्क नाही. नातू माझ्याकडे बघून हसला. हा बिघाडच नव्हे. नवीन एसएसडी कोरी असते, तिच्यात विंडोज कुठून येणार? दुसऱ्या संगणकावर निदान ८ जीबीची यूएसबी काडी घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साधनाने तिच्यावर विंडोज ११ भरावे, आणि ती काडी लावून संगणक चालू करावा. बोर्डाच्या सेटिंगमध्ये एसएसडीचे नावच दिसत नसेल तर ती तिरकी बसली आहे किंवा तिचा स्क्रू राहिला आहे, असे समजावे.

साडेदहाला विंडोज चढू लागले. दुकानात जायचे राहून गेले, आणि बरे झाले.

दिवेच नसतील, किंवा एवढ्याने भागले नाही तर

काही स्वस्त बोर्डांवर चार दिवे नसतात. तिथे थोडक्या शेकेलांत मिळणारा छोटा स्पीकर लावून आवाज ऐकावेत. किती पीप म्हणजे काय, हे पुस्तिकेत असते.

तेही नसेल तर कमीत कमी भागांवर यावे. वीज काढा, सगळे बाहेर. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक मेमरी पट्टी. चित्र प्रोसेसरमधून येत नसेल तर कार्डही. अशा स्थितीत चालू झाला आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर दोष बहुधा बोर्डाखालच्या पितळी खुंट्यांचा. बोर्डात जिथे भोक नाही अशा जागी एक खुंटी राहिली तर ती पाठीमागून टेकते आणि शॉर्ट होते. बाहेर चालला तर एकेक भाग वाढवत जा, दर वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुन्हेगार कोण ते कळत नाही. आम्ही त्या रात्री नेमके तेच केले.

थांबायचे कधी नाही, हे पण सांगतो, नाहीतर लोक मला दोष देतील. धूर, जळका वास किंवा फट् असा आवाज आला, तर रेगा नाही, तडक सॉकेटातून वायर काढा. प्रोसेसरचा पंखा फिरत नसेल तरी बंद करा. आणि पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही त्याच्या आत जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. मी चाळीस वर्षे विजेत काम केलेला माणूस, मी पण उघडत नाही.

प्रोसेसर काढणे हा शेवटचा उपाय. नव्या रायझनचे खिळे प्रोसेसरला नसतात, बोर्डातल्या सॉकेटात असतात, १७१८ आहेत, आणि केसासारखे नाजूक. अंगठा घसरला की वाकतात. त्या सकाळी घाईत तो काढला असता, तर न बिघडलेली वस्तू आम्ही आमच्या हातांनी बिघडवली असती.

वाचकांचे प्रश्न

रामलेहून एक बंधू विचारतात : अमेरिकेहून भावाने जुना पॉवर सप्लाय आणला आहे, वापरू का?
उत्तर : त्याच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले छोटे तांबडे बटण आहे का, ते आधी पाहा. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. बटण ११५ वर ठेवून लावलात तर मोठा आवाज होईल आणि खेळ खलास. नवीन चांगल्या पॉवर सप्लायमध्ये हे बटण नसते, ते दोन्ही आपोआप घेतात. पण खरे विचाराल तर नव्या संगणकाला जुना पॉवर सप्लाय लावूच नये.

किर्यात गातच्या एक भगिनी : सर्व तपासले, वायरी ठीक आहेत, पण सीपीयूचा दिवा जात नाही. प्रोसेसर रायझन ९००० जातीचा, बोर्ड मात्र स्वस्तात मिळालेला जुना साठा.
उत्तर : ताई, प्रोसेसर २०२४ चा आणि बोर्ड २०२२ चा असेल तर बोर्डातला जुना बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नाही. बोर्डाच्या मागे फ्लॅश नावाचे बटण आहे का पाहा. असेल तर नवीन बायोस एफएटी३२ केलेल्या यूएसबी काडीवर भरून, खूण केलेल्या भोकात लावून ते बटण दाबायचे. फाईलचे नाव काय ठेवायचे ते पुस्तिकेत असते. अशा बटणाला प्रोसेसर लागत नाही. काम चालू असताना वीज जाता कामा नये. बटण नसेल तर दुकानातून करून घ्या.

अश्दोदहून एक बंधू : दोन सेकंद पंखे फिरतात, बंद पडतात, पुन्हा फिरतात.
उत्तर : दिव्यांपर्यंत गाडी पोहोचतच नाही, म्हणजे विजेचे काम. २४ आणि ८ खिळ्यांच्या वायरी पूर्ण आत गेल्या आहेत का ते पाहा, मग वर सांगितल्याप्रमाणे बोर्ड बाहेर काढून खुंट्या तपासा. तरी तेच झाले तर ओळखीच्याचा चांगला पॉवर सप्लाय, त्याच्या स्वतःच्या वायरींसकट, लावून बघा.

शेवटची एक सूचना सर्वांसाठी. सगळी खोकी आणि पावत्या संगणक महिनाभर नीट चालेपर्यंत जपून ठेवा. फोनवरून किंवा इंटरनेटवरून घेतलेला माल सर्वसाधारणपणे १४ दिवसांत परत करता येतो, १९८१ च्या ग्राहक कायद्यातच ती सोय आहे. पण परत करायच्या आधी घड्याळ टेबलावर ठेवून पंधरा मिनिटे नक्की थांबा.

हिब्रूत अहरायूत ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, दुकानाची हमी आणि आपली जबाबदारी. त्या शुक्रवारी पहिल्याची गरज पडली नाही. दुसरी माझी होती, म्हणून हे लिहिले. नातवाचा संगणक आता सात-आठ सेकंदांत चिन्ह दाखवतो. मी त्याच्याकडे गेलो की तो बटण दाबतो, बोटे जुळवून माझ्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, "सबा, रेगा!"

पुढच्या अंकी, नक्की, प्रिंटर. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर पाठवा, अक्षर मोठे काढा. तोपर्यंत लेहित्राओत.